कपाशीवरचे ‘औषध’ आणि बाईची कूस

आमच्या सेलू भागात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘कपाशीवर औषध मारलं’, ‘औषधाचा डबा संपला’, ‘औषधाच्या दुकानावर जाऊन येतो’ असेच सगळे बोलतात. आम्ही बरीच वर्षे रुग्णालयात खऱ्या औषधांच्या बाटल्या हाताळल्या, त्यामुळे हा शब्द कानाला खटकतो. ज्याने माणूस बरा होतो ते औषध. कपाशीवर मारतात ते विष. त्याला विष म्हणायला सुरुवात केली, तरच पुढचे बोलणे नीट होईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही नोकरीत होतो. लग्नाला सहा वर्षे झालेली, सव्वीस वर्षांची एक सून सासूबरोबर आली. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडले. त्यानंतर दिवसच गेले नव्हते. आम्ही केसपेपर भरला. वय, लग्नाची वर्षे, पाळी कधी येते, किती दिवस जाते, पोटात दुखते का, आधी कुणाला दाखवले. सासू मध्येच म्हणाली, ‘‘सिस्टर, हिच्यातच काहीतरी खोट हाय. माह्या लेकाला काय झालंय? चांगला पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारतो की.’’

आम्ही ते ऐकले, आणि केसपेपरवर काहीच लिहिले नाही. तशी जागाच तिथे नव्हती. ती स्वतः कोणते काम करते, हेही विचारले नाही. सुनेने मान खाली घातली होती, ती खालीच राहिली. ती चूक आमचीही होती, म्हणून ती आज इथे लिहितो आहोत.

मूल होत नसलेल्या बाईला घरचे, शेजारचे, डॉक्टर आणि भगत मिळून शंभर प्रश्न विचारतात. ‘तू काय काम करतेस आणि कशात करतेस?’ हा एकच प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

थोड्यात पुष्कळ बिघडवणारी रसायने

पाळी येणे, दर महिन्याला स्त्रीबीज पिकणे, गर्भ धरणे आणि टिकणे ही सगळी कामे हार्मोन चालवतात. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी, गळ्यातली थायरॉइड आणि ओटीपोटातली अंडाशये एकमेकींना हे निरोप धाडत असतात. निरोप फार बारीक असतो. बाईच्या रक्तातले इस्ट्रोजेन पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. जिथे एवढ्याशा मात्रेवर सगळा कारभार चालतो, तिथे बाहेरून आलेला कणभर पदार्थही गोंधळ घालू शकतो.

काही रसायने शरीरात शिरून खोटा निरोप देतात, काही खरा निरोप अडवतात, काही तो तयारच होऊ देत नाहीत. त्यांना आपण साध्या भाषेत हार्मोन बिघडवणारी रसायने म्हणू. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी माहीत असलेली किंवा संशयित रसायने सुमारे ८०० असल्याचे म्हटले आहे. त्यांत अनेक कीटकनाशके आहेत, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट आहेत, कडक प्लास्टिकमधले बिस्फेनॉल-ए आहे.

असे खरोखर घडते का? अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गर्भपात होऊ नये म्हणून गरोदर बायकांना डीईएस नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. १९७१ साली लक्षात आले की त्या गरोदरपणातून जन्मलेल्या काही मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतो आहे. पुढे अशा मुलींमध्ये गर्भाशयाची ठेवण बिघडणे, दिवस न राहणे, गर्भ पडणे याचेही प्रमाण जास्त आढळले. गोळी आईने घेतली आणि फळ लेकीने पंधरा-वीस वर्षांनी भोगले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्मावेळी दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. बाईची आयुष्यभराची शिदोरी तिच्या जन्माआधीच बांधलेली असते. म्हणून पोटात लेक असलेली बाई फवारलेल्या रानात काम करते, तेव्हा ती स्वतः, तिची लेक आणि त्या लेकीच्या अंडाशयातली पुढची पिढी, अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या रानात असतात.

हिरवा त्रिकोण

आमच्याकडे दुकानातून आणलेल्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. बैठकीत बायका सांगतात, ‘‘हिरवावालं काही करत न्हाई.’’ दुकानदारानेही तसेच सांगितलेले असते.

हा त्रिकोण कशावरून ठरतो? ते रसायन किती मात्रेत पोटात गेले किंवा अंगाला लागले तर प्राणी तिथल्या तिथे मरतो, यावरून. म्हणजे तो झटपट येणाऱ्या मरणाचा हिशेब सांगतो. रोज थोडे थोडे अंगात गेले तर थायरॉइडचे काय होईल, पाळीचे काय होईल, पोटातल्या गर्भाचे काय होईल, हे त्या रंगावरून कळत नाही. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ते हिरव्या त्रिकोणात येते. युरोपीय संघाने २०२० साली त्याच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले. पोटातल्या गर्भाला धोका आणि हार्मोनवर होणारा परिणाम, ही त्यामागची मुख्य कारणे होती. आपल्याकडे भाजीपाल्यावर आणि द्राक्षांवर ते सर्रास मारले जाते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात पडले. ते मरण डोळ्यांना दिसले, म्हणून वर्तमानपत्रांत आले, चौकशी झाली. पण ज्या विषाने माणूस मरत नाही आणि घरातला पाळणा हलत नाही, त्या विषाची बातमी होत नाही. तिथे फक्त बाईला नाव ठेवले जाते.

एंडोसल्फानचेही आठवते ना? कपाशीवर आपल्याकडेही ते वर्षानुवर्षे मारले गेले. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर ते हवेतून फवारले जात होते. तिथल्या घराघरांत व्यंग असलेली मुले जन्मली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. अखेर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. आज आमच्या वस्त्यांमध्ये पंचविशी-तिशीत असलेल्या, लेकरासाठी दवाखान्याच्या वाऱ्या करणाऱ्या सुना आईच्या पोटात होत्या, तेव्हा एंडोसल्फान दुकानात उघड मिळत होते. त्यांच्या आयांना कुणी विचारले होते का, की बाई, पोटुशी असताना कोणत्या रानात खुरपायला गेली होतीस?

पंप फक्त त्यांच्या पाठीवर

एका बैठकीत आम्ही विचारले, ‘‘फवारणी कोण करतं?’’ सगळ्या एका सुरात म्हणाल्या, ‘‘गडी माणसं.’’

‘‘पंपासाठी पाणी कोण आणतं?’’

‘‘आम्ही.’’

‘‘ड्रममध्ये काठीनं कोण ढवळतं?’’

‘‘कधी ते, कधी आम्ही.’’

‘‘फवारणीचे कपडे कोण धुतं?’’

‘‘आम्हीच की.’’

‘‘रिकामा डबा धुऊन घरात कोण ठेवतं?’’

यावर हशा झाला आणि कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, ‘‘अगं, म्हंजे समदं आपुनच करतो की. पंप तेवढा त्यांच्या पाठीवर.’’

आजीने सांगितले ते शंभर टक्के खरे. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी खुरपायला जाते ती बाई. पहाटे दवाने ओल्या झालेल्या कपाशीत उघड्या हातांनी बोंडे वेचते ती बाई. कमरेला झोळी बांधून तो कापूस पोटाशी धरून फिरते तीही बाई. हंगाम संपल्यावर त्याच कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घालून धुरात भाकरी थापते तीही तीच. यातले एकही काम ‘फवारणी’ म्हणून मोजले जात नाही. म्हणून हातमोजे, तोंडाला फडके, चष्मा याचे बोलणे निघते तेव्हा तिचे नाव त्यात नसते. आणि ही बाई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते. स्वतःची जमीन नाही, म्हणून रोजाने दुसऱ्याच्या रानात. तिथे काल काय फवारले, हे विचारायचा तिला हक्क आहे असे ना मालकाला वाटते ना तिला.

आता त्या सासूबाईंच्या वाक्याकडे येऊ. ‘दिवसभर फवारतो’ म्हणून लेक धडधाकट, असे त्यांना वाटत होते. १९९१ साली भारतातल्या कापूसपट्ट्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कपाशीवर फवारणी करणाऱ्या पुरुषांची सुमारे एक हजार जोडपी आणि फवारणीशी संबंध नसलेली तितकीच जोडपी त्यात तपासली होती. फवारणी करणाऱ्यांच्या घरी मूल न होणे, गर्भपात आणि मेलेले मूल जन्मणे यांचे प्रमाण जास्त आढळले. या अभ्यासात विषाशी थेट संबंध आलेले पुरुष होते, आणि पोट पडत होते त्यांच्या बायकांचे. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. पण ही गोष्ट आपल्या घरांपर्यंत पोहोचली नाही. पोहोचली असती, तर त्या दिवशी केसपेपरच्या टेबलासमोर सुनेऐवजी लेकाला बसवले असते.

दोष कुणाचा ते आधी तपासा

याचा अर्थ प्रत्येक वांझपणाचे खापर फवारणीवर फोडा असा नाही. तसे सांगणारा लबाड समजा. मूल न होण्याची कारणे पुष्कळ आहेत. गर्भनळ्या बंद असतात. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे त्याचे मोठे कारण आहे, आणि तो औषधांनी बरा होतो. थायरॉइड बिघडलेले असते, त्याची तपासणी साध्या रक्तातून होते. पीसीओडी असते. आधीच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात जंतुसंसर्ग झालेला असतो. आणि जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या वीर्यातही दोष असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावे लागते. इतक्या सामान्य गोष्टीसाठी एका बाईला आयुष्यभर टोचून खायचे, हा कुठला न्याय?

म्हणून पहिली तपासणी पुरुषाची व्हावी. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, सुई लागत नाही, चिरफाड नाही. बाईच्या तपासण्या महाग आणि दुखऱ्या. तरी आमच्याकडे उलटे चालते. बाई परभणी, नांदेड, संभाजीनगर असे फिरते, कानातले मोडते, बचत गटाचे कर्ज काढते, आणि तीन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणते, ‘मिस्टरांना घेऊन या.’ पुरुषाच्या वीर्यात दोष निघाला तर लाजण्यासारखे काहीच नाही. वीर्य नवे तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. तेवढा काळ फवारणी, तंबाखू आणि दारू बंद ठेवून पुन्हा तपासणी करावी, फरक पडू शकतो.

बाईच्या शरीराकडे बघण्याची आपली रीत किती वाईट आहे, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. उसाच्या फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की दंड. यातले काही बदलले नाही. बदलली ती बाई, तिचे गर्भाशयच काढले. कामाची जागा दुरुस्त करण्याऐवजी बाईला दुरुस्त करायचे, हीच रीत कपाशीच्या रानातही चालू आहे.

घरातल्या घरात

प्लास्टिकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. उकळता चहा पातळ पिशवीत आणू नका, किटली न्या. गरम भाजी-वरण प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, स्टीलचा डबा बरा. पाण्याचा जार उन्हात ठेवू नका, घरी आला की पाणी माठात किंवा हंड्यात ओता. उष्णतेने प्लास्टिकमधली रसायने जास्त सुटतात. आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, रॉकेल काहीही ठेवायचे नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामी भांडी पुन्हा वापरात येणार नाहीत अशी तोडून-पुरून टाकण्याची तरतूद आहे.

पॅडबद्दल मुली विचारतात. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२२ साली बाजारातले दहा प्रकारचे पॅड तपासले, सगळ्यांत थॅलेट सापडले. म्हणून पॅड टाकून जुन्या मळक्या चिंधीकडे वळू नका. त्यातून होणारा जंतुसंसर्ग जास्त वाईट. सुती कापड वापरायचे तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवून वापरा. पॅडमध्ये काय काय आहे ते पाकिटावर छापलेच पाहिजे, ही मागणी मात्र लावून धरा.

मागायचे काय?

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला होता. मॅन्कोझेब आणि ॲट्राझीन हे तणनाशकही त्या यादीत होते. २०२३ साली अंतिम आदेश निघाला तेव्हा बंदी मोजक्याच रसायनांवर आली. तेव्हा वरून कुणी येऊन आपल्याला वाचवील या भरवशावर राहता येणार नाही.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. ते विधेयक कारखान्यातल्या बायकांसाठी होते. जवळजवळ शंभर वर्षे होत आली, पण रोजाने जाणाऱ्या शेतमजूर बाईपर्यंत ते तत्त्व अजून पोहोचलेले नाही. तेच तत्त्व धरून आपण चार गोष्टी मागू.

पहिली, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर आणि आशाताईंच्या वहीत कामाची नोंद असावी. बाई काय काम करते, नवरा काय करतो, फवारणीशी संबंध किती, हे दिवस न राहणाऱ्या आणि पोट पडलेल्या प्रत्येक बाईला विचारले जावे. नोंद झाली तरच कुठल्या गावात जास्त पोटे पडतात हे उद्या कळेल.

दुसरी, फवारलेल्या रानात मालकाने बांधावर खूण लावावी आणि डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत मजूर बायकांना आत पाठवू नये. तिथे दिवस लिहिलेले नसतील तर निदान दोन दिवस थांबावे.

तिसरी, गरोदर बाईला आणि लेकरू पाजणाऱ्या बाईला पाणी भरणे, ढवळणे, कपडे धुणे ही कामे नकोत. रोज मात्र पूर्ण मिळाला पाहिजे. फवारणीचे कपडे ज्याने घातले त्यानेच हातमोजे घालून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. यासाठी कुठल्या सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही.

चौथी, रिकामे डबे ज्या दुकानातून घेतले त्या दुकानाने परत घ्यावेत. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

फवारणीचे दिवस आणि वर्षावासाचे दिवस एकच असतात. आषाढ पौर्णिमेपासून संध्याकाळी विहारात आपण जमतो, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचतो. त्यातल्याच एका संध्याकाळी वाचन झाल्यावर अर्धा तास थांबा. घरातले कीटकनाशकाचे डबे कोणकोणत्या नावांचे आहेत ते एका वहीत लिहा. या रानात या आठवड्यात काय फवारले, तेही लिहा. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात जा. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण शोधले की उपाय सापडतो, हे तथागतांनी शिकवले. मग कुशीच्या बाबतीतच आपण ‘नशीब’ म्हणून का थांबतो?

आणि तुमच्या घरात मूल न झालेली सून असेल, तर आज जेवताना तिला वाटेल असे काही बोलू नका. तिला एवढेच विचारा, ‘‘बाई, आज कोणत्या रानात गेली होतीस? तिथं काय मारलं होतं?’’ त्या दिवशी केसपेपर भरताना आम्ही हेच विचारायला हवे होते.